मी धरलेला तेजोमेघ

सन २०२४. मार्गशीर्षाची अमावस्या जवळ आली होती. पवन मावळात कडक थंडी. मी आरसा बोलतोय. तोंड बघायचा नव्हे. दुर्बिणीच्या तळाशी बसून आभाळ धरणारा.

मला लोणावळ्याच्या अब्दुलनं घडवलं. दिवसा तो चिक्की लाटायचा, संध्याकाळी पावडर टाकून काचेवर काच घासायचा. वर्षभर घासली. यंत्राचा हात लागू दिला नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

माळावर पत्र्याच्या खोलीत मी राहतो. जवळ माणूस नसतो. अब्दुलची मुलगी हसिना लोणावळ्यात दुकानामागं संगणकापुढं बसते. तिथूनच छप्पर सरकवते, मला वळवते.

तिला मृग नक्षत्राजवळचा तेजोमेघ हवा होता. ताऱ्यांमधल्या धुळीचा ढग तो, फार फिका. पुढच्या हिवाळ्यात समोरच्या डोंगरावर रिसॉर्टचे दिवे लागणार होते. मग तो त्या उजेडात कायमचा बुडाला असता. पण आताही फोटोत नुसता पिवळा उजेड येई. माळाखाली कस्तुराबाईच्या शेवंतीवर रात्रभर बल्ब जळत. उजेड असला की शेवंती कळी धरत नाही, आणि बाईला फुलं गुढीपाडव्याला काढायची होती.

हसिना बांधावर गेली.

"मावशी, चार रात्री दिवे बंद ठेवाल?"

"कशापायी?"

"आभाळातल्या एका ढगाचा फोटो काढायचाय."

"ढगापायी माजी शेवंती? आखाडात ये की, लय ढग देते!"

हसिना हसली नाही. "आता नाही जमलं तर कधीच नाही, मावशी."

कस्तुराबाई बल्बांकडं वळली. "बरं. पन पैशाचं नाव काडू नगं. सावड धर. मी अंधार दिला, तू मला हात द्यायचा."

दिवे विझले. चार रात्री मी तो फिका उजेड गोळा केला आणि कॅमेऱ्याला दिला. चित्र तयार झालं. काळ्यावर निळसर मेघ, कडेपर्यंत स्वच्छ. अब्दुल भर दुकानात ओरडला, "धरला! माझ्या काचेनं धरला!" गिऱ्हाइकांना वाटलं, चोर धरला.

फाल्गुन लागला. अंधार मिळालेली शेवंती पाडव्याआधीच एकदम फुलली. तोडायला माणसं पुरेनात. रोजे सुरू होते. बाप-लेक उजाडताच वाफ्यात उतरले.

"अब्दुलभाऊ, उपाशी पोटी नगा वाकू."

"सावड आहे, बाई. टोपली द्या."

दुपारी शेवटचा वाफा मोकळा झाला. सावड फिटली.