दार काढलेलं घर

"आता जे सांगतो त्यावर तुझा काडीचाही विश्वास बसणार नाही," मामाने सुताराला बजावलं. "तेव्हा ती टेप खाली ठेव आणि ऐक."

सुतार पुढच्या चौकटीचं माप घेत होता. चौकटीवर बिजागऱ्यांच्या खुणा होत्या, पण दार कित्येक वर्षांपासून नव्हतं. महिन्याभरापूर्वी मामाची बहीण गेली आणि आता भाची घर विकायला आली होती. घेणाऱ्याची अट एकच: आधी दार बसवा, कुलूप लावा. मामाला धास्ती होती ती त्या कुलपाची. वस्तीतली नडलेली माणसं आजही न विचारता या घरात शिरत, आपसात बसून मार्ग काढत. कुलूप लागलं की बहिणीचं सगळं केलेलं त्याच्याआड जाणार.

मामा पाट्या रंगवणारा. जन्मभर दुकानांची नावं सरळ रेषेत लिहिली, पण तोंडाने एक गोष्ट सरळ सांगितली असेल तर शपथ.

"त्या काळी नगरपालिकेत आपल्या वस्तीला पुढच्या दाराने मज्जाव. दाखला हवाय? मागून या. माझी बहीण इस्पितळात चादरी धुवायची, पण जीभ कडक इस्त्रीची. म्हणाली, त्यांचं दार उघडत नाही तोवर माझ्याही घराला दार नको. उतरवलं, विटांच्या उंच थरांवर आडवं टाकलं, आणि त्याच्यावर मी मोर्चाचे फलक रंगवले. पुढे पोलीस आले तिला धरायला. आता ठोठावणार काय, कपाळ? ताटकळले बिचारे बाहेर. शेवटी हिलाच दया आली. आत बोलावून म्हणाली, दार हे इथे पडलंय, ठोठावा. फौजदाराने वाकून ठोठावलं. तर ही विचारते, कोण आहे?"

सुतार खो खो हसला. "म्हातारबा, थापेलासुद्धा काही माप असतं!"

आतल्या खोलीत भाची आईचे कपडे बांधत होती. ती हसली नाही. तिचं बालपण त्या आडव्या दाराखाली झोपण्यात गेलं होतं, अनोळखी पायांच्या गराड्यात. सकाळीच म्हणाली होती, "मामा, या घरात सगळ्यांना आई मिळाली. मी आपली रांगेत."

ते वाक्य मामाला दिवसभर टोचत होतं. त्याने आवाज चढवला, आत जाईल इतका.

"आणि जिंकलो तो दिवस! नगरपालिकेचं दार उघडलं, पहिलं पाऊल बहिणीचं. आपलं दार मात्र तिने पुन्हा बसवलंच नाही, माणसं यायची थांबली नव्हती ना. तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. पण फोटोनंतरचं कुणालाच ठाऊक नाही. घरी पोर तापाने फणफणलेली. हिचा जीव थाऱ्यावर नाही, आणि बाहेर ही माणसं! तर बाईसाहेब नगरपालिकेच्या मागच्या दाराने सटकल्या. अरे, ज्या दाराच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडली, त्याच दाराने! अनवाणी धावत आली, लेकीच्या उशाशी बसली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिली. तिकडे तिच्या नावाचा जयजयकार चाललाय, आणि बाईंचा पत्ता नाही!"

सुताराचं हसू विरलं. "हे खरं वाटतंय, मामा."

आतली खुडबूड थांबली होती. मामाला वाटलं, लागली गोष्ट. त्याने गोष्टीचा शेवटचा सांधा जोडायला तोंड उघडलं, "शेवटपर्यंत म्हणायची, त्या दिवशी मी..."

भाची बाहेर आली. हातात आईचा विटका स्वेटर होता, अर्धवट घडी केलेला.

"खोटं," ती म्हणाली. "आई आली तेव्हा माझा ताप उतरून गेला होता, मामा. पट्ट्या तू ठेवत होतास. मी डोळे मिटून आई, आई म्हणत होते, आणि तू ओ देत होतास."