शेवटच्या धड्याचं सुटलेलं पान

मित्रांनो, मी एक जुनं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक आहे. माझी भीती वाटते ना? खरं सांगू, सध्या मीच घाबरलंय.

छापखान्यात मला नीट शिवलंच नाही. नुसता डिंक फासला. पहिल्या मालकाने माझे सुरुवातीचे धडे झिजवले, शेवटचा कधी उघडला नाही. 'हू', 'विच' लावून वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य बसवायचं, आणि जोर द्यायला शब्दांची उलटापालट करायची, असा तो धडा. "हे कोण विचारतंय!" म्हणाला आणि मला रद्दीत टाकलं.

तिथून मला एका नर्सने उचललं. इंग्रजीची परीक्षा पास झाली तरच तिची नोकरी कायम होणार होती. मागच्या वेळी ती याच धड्यावर आपटली होती.

रोज ड्युटीवरून आली की ती युनिफॉर्मला इस्त्री करत वाक्यं म्हणायची. मला धरून बसायच्या तिच्या सासूबाई. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण कान भारी तिखट.

"अडखळलीस. पुन्हा म्हण."

"आई, पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

"तुझी वाक्यं तरी कुठे सरळ आहेत? म्हण!"

इकडे माझा डिंक वाळत चाललेला. ते शेवटचं पान नुसतं लोंबत होतं. कुणी हात लावला की माझा जीव टांगणीला. ओरडणार कसं?

आज परीक्षा. सकाळी तिने पंखा मोठा केला आणि पान सुटलं. थेट खिडकीबाहेर, खालच्या टेंपोवर. टेंपो निघून गेला.

नर्स खिडकीशी धावली. "संपलं, आई. एकदा नजर टाकून निघणार होते."

"रडू नंतर. पेन घे."

सासूबाईंनी डोळे मिटले. "नेव्हर हॅव आय सीन सच अ क्लीन वॉर्ड. सेल्डम डझ द डॉक्टर स्माइल..." अख्खं पान, न थांबता!

"आई, याचा अर्थ माहितीये तुम्हाला?"

"मला कशाला? परीक्षा तुझी आहे."

तिने सगळं माझ्या पुठ्ठ्याच्या आत लिहिलं, एकदा वाचलं आणि पळाली.

मित्रांनो, पुस्तकाचं पान हलायला लागलं की लगेच चिकटवा. उद्यावर टाकू नका. आणि शेवटचा धडाही उघडत जा, तो वाट बघत असतो.

संध्याकाळ होत आलीये. उकडतंय, तरी सासूबाईंनी पंखा लावलेला नाही. जिन्यात नर्सच्या चपला वाजतायत, जरा हळूच. पेपर कसा गेला, कुणास ठाऊक! सासूबाईंनी मला इतकं घट्ट धरलंय की आज आता एकही पान सुटायचं नाही.