टोमॅटोंसाठी दिवा

दुकानदाराने खोक्यातून वीतभर लांबीचा जाड बल्ब काढला आणि काउंटरवर अलगद आडवा ठेवला. त्याच्या शेजारी विटेसारखा जड, लोखंडी चोक ठेवला.

"हा सोडियमचा. उजेड भरपूर, पण तापतो. खोली केवढी आहे तुमची?"

"जिन्याखालची," दीनानाथ व्हीलचेअरमधून म्हणाले. "चार बाय तीन. उंची पाच फूट, तीसुद्धा एकाच बाजूला."

"मग भट्टी होईल तिची." त्याने मागच्या फळीवरून पांढऱ्या ट्यूब्जची जोडी काढली. "पहिलीच वेळ असेल तर या घ्या. पीक कमी येईल, पण या फारशा तापत नाहीत. थोडं चुकलंमाकलं तरी झाड जळत नाही."

दीनानाथांनी ट्यूब हातात घेऊन तिच्या टोकावरचे बारीक आकडे चष्मा कपाळावर सरकवून वाचले. तीस वर्षं त्यांनी भुयारी स्टेशनांवरचे दिवे सांभाळले होते. नोकरी सुटल्यापासून कुणी त्यांच्याशी असं दिव्यांबद्दल बोललं नव्हतं. मागे उभी असलेली त्यांची बायको अरुणा त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी असा जागा दिसत होता.

"लावणार काय आहात?" दुकानदाराने विचारलं.

त्याच्या डोक्यामागे भिंतीवर पाटी होती. बेकायदा झाडांचं नाव घेणाऱ्या गिऱ्हाइकाला माल मिळणार नाही, असं तिच्यावर ठळक लिहिलं होतं. अरुणाने ती आत शिरतानाच वाचली होती.

"टोमॅ..." दीनानाथांनी सुरुवात केली.

"गांजा," अरुणा म्हणाली. "दोन झाडं. यांच्या पायांसाठी."

खतांच्या बाटल्या बघत असलेला एक तरुण वळून बघू लागला. दुकानदाराने बल्ब पुन्हा खोक्यात घातला, मग दीनानाथांच्या हातातली ट्यूब हळूच काढून घेतली.

"मॅडम, मी ऐकलंच नाही असं म्हटलं असतं. पण दुकानात अजून एक जण आहे."

"तुम्ही ऐकावं म्हणूनच बोलले मी."

"मग मला विकता येणार नाही."

तो उद्धट नव्हता. व्हीलचेअर बाहेर पडेपर्यंत त्याने दार धरून ठेवलं.

क्रॉयडनच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मंगळवारी दुपारी शुकशुकाट होता. अरुणाने त्यांना गाडीत बसवलं, खुर्ची दुमडून डिकीत टाकली आणि ती ड्रायव्हिंग सीटवर येऊन बसते तोच त्यांचा उजवा पाय ताठ झाला. गुडघा वर उडून डॅशबोर्डवर आदळला. तिने दोन्ही हातांनी मांडी दाबून धरली. आतला स्नायू लाकडासारखा घट्ट झाला होता आणि थरथरत होता. ते डोळे मिटून आकडे मोजत होते. मज्जातंतूंचा हा आजार कळून नऊ वर्षं झाली होती. गोळ्यांनी पाय थोडा सैल पडे, पण माणूसही त्याच्याबरोबर सैल पडे. दीनानाथ अख्खा दिवस झोपून काढायचे. उन्हाळ्यात पेशंट्सच्या ग्रुपमधल्या एका बाईने त्यांना काहीतरी ओढायला दिलं आणि त्या संध्याकाळी त्यांनी दोन तास शांतपणे बसून क्रिकेट पाहिलं होतं. नंतर त्याच बाईने पाकिटातून बियाही पाठवल्या.

पाय सुटला तेव्हा ते म्हणाले, "एक शब्द होता, अरुणा. टोमॅटो. लोक रोज म्हणतात तिथे."

"म्हणतात. आणि मग माझ्यासमोर येऊन उभे राहतात."

अरुणा सात वर्षांपासून मॅजिस्ट्रेट होती. इथल्या पद्धतीप्रमाणे पगार नाही, वकिलीची पदवी नाही. बँकेतली नोकरी सांभाळून आधी महिन्यातून दोनदा आणि रिटायर झाल्यावर दर गुरुवारी, ती इतर दोघांबरोबर खुर्चीत बसून शेजारपाजारच्या माणसांचे लहानसहान गुन्हे ऐकायची.

"गेल्या वर्षी तो बस ड्रायव्हर आला होता ना, सांगितलं होतं मी तुम्हाला," ती म्हणाली. "पोलिसांना त्याने टोमॅटोच सांगितलं होतं. आम्ही हसलो. नंतर म्हणाला, बायकोच्या दुखण्यासाठी लावलं. मी विचारलं, डॉक्टरचं पत्र आहे का? नव्हतं. दंड केला. बायको मागच्या बाकावर काठी धरून बसली होती."

"मग?"

"मग काय. लपूनछपून करायचं नाही मला. कायदा मोडायचा तर ताठ मानेने मोडीन. धरू देत."

समोरून ट्राम सरकत गेली.

"तत्त्व तुझं," दीनानाथ म्हणाले, "आणि पाय माझे."

आवाज चढला नव्हता. अरुणाने किल्ली फिरवली, पण गाडी हलवली नाही.

"मला धरलं तर तू मला भेटायला येशील, डबा आणशील, सगळ्यांना ठणकावून सांगशील. माहितेय मला," ते म्हणाले. "पण रात्री पाय आखडतो तेव्हा त्याच्याशी मी एकटा असतो. माझ्या जिवावर शूर होऊ नकोस."

इंजिन चालू होतं. तिने हीटर वाढवला, मग कमी केला.

"ट्यूबलाइटच घ्यायच्या असतील," ती शेवटी म्हणाली, "तर त्या कुठेही मिळतील ना?"

"कुठेही." ते तिच्याकडे वळले. "पांढऱ्याफेक बघायच्या. पिवळट नकोत. दोन पट्ट्या, चार ट्यूब्ज. चोक चांगला हवा, गुणगुणणारा नको. सोडियम तसाही नकोच होता मला. त्या एवढ्याशा खोलीत आग लागली असती."

"मग इथे आलोच कशाला आपण?"

"बघायला," ते म्हणाले. "मला तो दिवा बघायचा होता."

रिंगरोडवरच्या घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात त्यांना कुणी काही विचारलं नाही. रंगांचे डबे आणि बाथरूमच्या फरश्या यांच्यामधून अरुणा खुर्ची ढकलत होती आणि दीनानाथ बोटाने दाखवत होते. हे नको, ते. वरचं. खोकं उलटं कर. एका ट्यूबला त्यांनी टिचकी मारून पाहिली आणि परत ठेवायला लावली. वस्तू मांडीवर घेऊन ते काउंटरपर्यंत आले तेव्हा घामाघूम झाले होते, पण मागे टेकले नव्हते.

काउंटरवरची मुलगी कॉलेजच्या वयाची होती. तिने ट्यूब्ज एकेक करून मशीनखालून नेल्या.

"किचन करताय का?" तिने हसून विचारलं.

कुठेही पाटी नव्हती. मागे रांगेत कुणी नव्हतं. अरुणाने दीनानाथांकडे पाहिलं. ते काही सुचवत नव्हते. दोन्ही हातांनी त्यांनी उजवा गुडघा घट्ट धरला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"हो," अरुणा म्हणाली. "किचन. फार अंधार आहे आमच्याकडे."

"मस्त होईल," ती मुलगी म्हणाली.

घरी पोचल्यावर दीनानाथांनी चहासुद्धा घेतला नाही. जिन्याखालच्या खोलीतले जुने बूट, व्हॅक्यूम क्लीनर, त्यांचा मुलगा परीक्षित याच्या शाळेची दप्तरं अरुणाने बाहेर काढली. परीक्षित आता एडिनबरात होता आणि त्याला यातलं काही सांगायचं नाही, एवढ्यावर दोघांचं न बोलता एकमत होतं. दीनानाथ दारात खुर्ची लावून कमरेतून वाकून पट्टी कुठे बसेल ते पेन्सिलीने आखत होते. हात कापत होता म्हणून एकच रेघ ते तीनदा ओढत होते. तिने मदतीला हात पुढे केला नाही.

घड्याळात साडेचार झाले होते. कोर्टाचं ऑफिस पाचला बंद होई. ती बैठकीच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि नंबर फिरवला. पलीकडच्या बाई ओळखीच्या होत्या.

"या गुरुवारी जमणार नाही का? तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे."

"मग पुढच्या गुरुवारचं नाव ठेवते."

"नको. पुढचंही नको. पत्र पाठवते मी."

"काही झालंय का, अरुणा? कारण विचारतील वरचे."

किचनचं काम काढलंय, असं अरुणाला म्हणता आलं असतं. आता ते सोपं होतं.

"कारण आहे," ती म्हणाली. "पण ते मी देणार नाही. तसं लिहा."

ती परत आली तेव्हा पहिली पट्टी वाकडी का होईना, बसली होती. दीनानाथांच्या तोंडात एक स्क्रू होता. तो काढून त्यांनी विचारलं,

"कुणाला फोन केलास?"

"कोर्टाला. गुरुवारची मी मोकळी आहे."

"या गुरुवारी?"

"सगळ्या."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग वायरचं एक टोक तिच्या हातात दिलं.

"ताणून धर," ते म्हणाले. "सोडू नकोस."