मलहरी नव्हतीच

सरस्वती टीचरना झटका येऊन सव्वा महिना झाला होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं. नेरूळच्या दोन खोल्यांत तीस वर्षं कर्नाटक गायन शिकवलेल्या बाईंना साधं पाणी मागता येईना. पण गेल्या सोमवारी त्या अचानक गायला लागल्या आणि क्रांतीला आभाळ ठेंगणं झालं.

ही क्रांती म्हणजे कॉलेजातली क्लार्क, चाळिशीत गाणं शिकायला निघालेली. लोक हसले. टीचर हसल्या नाहीत. त्यांनी तिला पोराटोरांबरोबर सतरंजीवर बसवलं आणि सगळ्यांसारखाच मायामालवगौळ दिला. पुस्तकात त्याला जनक राग म्हणतात, टीचर सरळ आई म्हणायच्या आणि त्यातून निघालेल्या रागांना पोरं.

"आईकडे सातही स्वर पायजेत, चढताना पण, उतरताना पण," त्या बजावायच्या. "पोरं एखाद-दुसरा सोडतात, तोच त्यांचा चेहरा. आईला सोडून चालत नाय. एक राहिला की परत पयल्यापासून!" आणि स्वतःच्या मांडीवर चापट. मग क्रांती असो की सात वर्षांची मुलगी, पुन्हा सा.

आता टीचर गात होत्या: स रि म प ध स. गंधार नाही, निषाद नाही. क्रांतीने झटक्यात ओळखलं. मलहरी! त्याच आईची लेक, चढताना नेमके हेच दोन स्वर सोडणारी. तिला स्वतःचा कोण अभिमान वाटला. एरवी कुठल्या रागाची आई कोण, असं विचारलं की तिची बोबडी वळायची. मग रोज ऑफिस सुटलं की ती येई, ताल धरी, मोठ्याने सोबत गाई. टीचर संपवून पुन्हा सुरू करत, पुन्हा पुन्हा. "वा, टीचर!" क्रांती म्हणे.

आठव्या दिवशी, टीचरना सांभाळायला येणारी करावे गावची यशोदाबाई तिला जिन्यातच आडवी आली.

"ताई, तुमी गेल्या की बाई रडतात. रोज. तेच गानं गातात नि रडतात."

"आनंदाने असेल, मावशी."

"आनंदानं कोन आपल्याच मांडीला मारतं? काळीनिळी झाली हाय मांडी."

क्रांती आत जाऊन बसली. आज तिने तोंड उघडलं नाही. टीचर चढल्या: स रि म प ध स. उतरल्या: स ध प म... आणि थेट रि. मलहरी उतरताना गंधार घेते. आठ दिवस तो गंधार क्रांतीच लावत होती, टीचरच्या आवाजावर आवाज चढवून.

म्हणजे टीचर आईच गात होत्या, आणि दोन स्वर त्यांना सापडत नव्हते. कान मात्र शाबूत होता. दर वेळी चुकलेलं त्यांना कळत होतं.

डावा हात उचलला गेला, मांडीवर बसला. पुन्हा सा.

क्रांतीने हळूच गंधार गाऊन दाखवला. तिच्या ओठांकडे बघत टीचरनी तोंड उघडलं, मध्यम आला. दुसऱ्यांदाही मध्यमच. क्रांतीला स्वतःचा संताप आला, पण संतापून करणार काय?

"पुरे, टीचर. राहिला तर राहिला."

टीचरनी अशा नजरेने पाहिलं की तिला ते शब्द परत गिळावेसे वाटले. तीस वर्षांत त्यांनी हे कुणालाही म्हटलं नव्हतं.

हात पुन्हा वर गेला. तो धरायची क्रांतीची छाती झाली नाही. तिने फक्त आपला तळवा त्यांच्या मांडीवर पसरला. चापट त्यावर बसली, सणसणीत. टीचरनी पुन्हा सा लावला.