तिनूच्या आईचा फेटा

१९७६ साली इबादान शहरातल्या लोकांच्या खिशात तेलाचा पैसा नवानवा खुळखुळत होता. दर शनिवारी कुठे ना कुठे रस्ता अडवून मांडव पडायचा, आणि मांडवाइतकेच उंच बायकांचे फेटे. तसे फेटे आता कोणी बांधत नाही. त्याच साली मोरेनिकेबाईंच्या मानेतून डोक्यात कळ शिरली. डाव्या कानामागून निघायची, टाळूपर्यंत सणकत जायची आणि डोळ्यामागे ठाण मांडायची.

इस्पितळातल्या डॉक्टरनं मान चाचपली. म्हणाला, "मानेतली नस दबतेय. गोळ्या देतो. आणि डोक्याला घट्ट काही बांधू नका."

"काल मिसरूड फुटलेलं पोर," बाई घरी येऊन कडाडल्या, "मला शिकवतंय डोकं कसं झाकायचं!"

डिसेंबरात त्यांच्या तिनूचं लग्न होतं. जावयाची, बंकोलेची, आई फेट्यात त्यांच्या तोडीस तोड. तिच्यासमोर बोडक्यानं बसायचं? लग्नाआधी बरं व्हायचं, आणि फेट्यासकट बरं व्हायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

पहिला मान हाडं बसवणाऱ्या लसिसीबाबाचा. "फेटा सोडा, बाई," म्हणत त्यानं शियाच्या बियांचं लोणी कोमट करून मान रगडली. बाईंना स्वर्ग दिसला. "बाबा, तुमच्या हातात देव आहे हो!" ही कीर्ती सांगायला त्या कडक कापडाचा फेटा बांधून बहिणीकडच्या बारशाला गेल्या. अर्धी कीर्ती सांगून झाली आणि कळ आली. उरलेल्या अर्ध्यात त्यांनी बाबाला शिव्या घातल्या.

मग लागोसचा सुया टोचणारा डॉक्टर. त्यानंही फेटा उतरवला, सुया टोचल्या. बाई तिथंच घोरल्या. घरी परतेपर्यंत पुन्हा तेच. शेवटी पांढऱ्या झग्यांच्या चर्चमधला प्रेषित सॅम्युएल. त्यानं बाईंना आवारातच ठेवून घेतलं. डोक्याला फक्त मऊ सुती टोपी, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. दुखणं पार पळालं. रविवारी आभार मानायला बाई फेटा बांधून नाचत वेदीपाशी आल्या आणि मान धरून खाली बसल्या.

"चेटकीण परतली!" प्रेषित गरजला. "व्याह्यांकडची आहे!"

नवरा अडेगोके शांत माणूस. वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला, "तिनूच्या आई, तिघांनीही आधी एकच गोष्ट केली."

"कोणती?"

"फेटा उतरवला."

"म्हणजे तुमचं म्हणणं…"

"माझं काही म्हणणं नाही. डॉक्टरचं होतं."

"आणखी एक शब्द बोललात तर मुलीच्या लग्नात एकटे बसाल!"

पण बाई मूर्ख नव्हत्या. लग्नाच्या आधीचे दिवस त्या घरातच राहिल्या, डोक्याला सैल पंचा गुंडाळून. एकदाही दुखलं नाही. आता समजायचं ते समजलं होतं. त्यांनी निष्कर्ष मात्र स्वतःचा काढला: विश्रांती झाली, आता बांधायला हरकत नाही.

"आई, आज तरी सैल बांध ना," लग्नाच्या सकाळी तिनू काकुळतीनं म्हणाली.

"सैल? बंकोलेच्या आईसमोर? ओढा गं, जोरात ओढा!"

फेटा बांधणाऱ्या दोघींनी ओढलं.

मांडवात ढोल सुरू झाले तेव्हाच कळ आली. लोक रिवाजाप्रमाणे येऊन वधूच्या आईच्या कपाळावर नोटा चिकटवत, आणि प्रत्येक नोटेसरशी मानेत सुरी फिरे. बाई ताठ बसून राहिल्या. हलणं शक्यच नव्हतं.

"काय तोरा!" बंकोलेची आई शेजारणीला म्हणाली. "नमस्कार केला तर साधी मान हलवेना."

"राणी आहे, राणी!" मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

मग तिनू आशीर्वादाला गुडघे टेकून समोर बसली. बाईंना खाली वाकता आलं नाही. हात चाचपडत तिच्या डोक्यापर्यंत गेला. नजर मांडवाच्या कनातीवरच खिळलेली. डोळ्यांतून पाणी वाहिलं, लोकांना आईची माया दिसली. तिनू वर बघत राहिली, वाट बघत राहिली, आणि उठली. लेक सासरी जाताना कशी दिसत होती, ते बाईंनी फोटोत पाहिलं.

प्रेषित सॅम्युएलनं पुढे आणखी मोठं चर्च बांधलं. लसिसीबाबा मरेपर्यंत सांगत राहिला की तिनूच्या आईला त्यानंच बरं केलं. बंकोलेच्या आईनं त्या दिवसापासून मान ताठ ठेवायची सवय लावून घेतली आणि दोन वर्षांनी लसिसीबाबाचं दार गाठलं. तो पोरगेला डॉक्टर परदेशी निघून गेला. अडेगोके पुढच्या पावसाळ्यात वारले. फेट्याबद्दल पुन्हा बोलले नाहीत. तिनू नवऱ्याबरोबर जोसला राहिली आणि आई त्या दिवशी रागावली होती का, हे विचारायला तिला बारा वर्षं लागली. मोरेनिकेबाई नव्वदीपर्यंत जगल्या. "रागावले नव्हते गं," असं त्या प्रत्येक भेटीत तिला सांगत, तिनं विचारलेलं नसलं तरी.