अकरावी चिठ्ठी

निवडणूक अधिकाऱ्याने पेटी उलटी करून तळावर एक चापट मारली. कोपऱ्यात अडकलेली शेवटची चिठ्ठी टेबलावर पडली.

“हीसुद्धा डॉक्टरांनाच,” तो म्हणाला. “डॉक्टर अकरा. साहेब... शून्य.”

हसायचं म्हणून साहेबांनी उघडलेले ओठ तसेच राहिले. अकरा क्लब, प्रत्येकाचं एक मत. फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी त्यांनी पंपांचा कारखाना मुलाच्या हाती सोपवून दोन वर्षं अकरा गावं पालथी घातली होती. दहा जणांनी शब्द फिरवला, हे एक वेळ समजलं असतं. पण अकरावं मत त्यांच्याच मालकीच्या क्लबचं होतं. उमेदवाराला मत देता येत नाही, म्हणून ते क्लबच्या सचिवाने टाकलं होतं. सचिव म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण.

“साहेब, निदान घरचं तरी मत राखायचंत!” मागून कोणीतरी म्हणालं आणि खोलीभर खसखस पिकली.

ताई व्हरांड्यातल्या बाकावर वाकून चपलेचा पट्टा लावत होती.

“ताई, तू?”

“हो, मीच.” तिने मान वर केली नाही. “मला वाटलं, तू येणारच निवडून. माझं एक मत इकडचं तिकडे झालं तर कोणाला कळतंय!”

“पण का?”

“अध्यक्षाला स्वतःचा क्लब ठेवता येत नाही ना रे. बावीस वर्षं त्या पोरांच्या मोज्यांच्या जोड्या लावल्या मी. क्लब सोडायचं ठरवलंस तेव्हा मला विचारलं नाहीस. चिठ्ठीने विचारलं. मग देवाला स्मरून खोटं कसं लिहू?”

साहेबांना वाटलं, आता राग येईल. पण ते नुसतेच तिच्या शेजारी बसले. ताईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

“झालं ते झालं. क्लब तर राहिला आपला! ऊठ, साडेचारला सराव आहे. गोलकीपरचा खांदा दुखतोय, त्यालाही दाखवून आणायचंय.”

साहेब उठले नाहीत. विजयाची इतकी खात्री, की काल दुपारीच त्यांनी क्लब एका सिमेंटवाल्याला विकून कागदांवर सही केली होती. ताईच्या जागी नवा सचिवही त्याच बैठकीत ठरला होता.

“ताई, जरा बस.”

“आता कशाला? उशीर होतोय.”

ती पायऱ्या उतरलीसुद्धा. गाडीच्या काचेवर टकटक करून पेंगणाऱ्या ड्रायव्हरला म्हणाली, “ऊठ रे, मैदानावर घे.”