माझा पहिला सेंटीमीटर

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात असते तसलीच, कापडी, पिवळी, दीडशे सेंटीमीटरची. पण माझ्या नशिबी दुकान आलं नाही. कारखान्यातून निघाले ती थेट एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात जाऊन पडले. तिथे मणक्याच्या संधिवातावरच्या नव्या इंजेक्शनची चाचणी चालली होती. या आजारात मणके हळूहळू एकमेकांना चिकटतात. माणूस पुढे वाकतो आणि वाकलेलाच राहतो.

माझं काम सोपं होतं. रोग्याने भिंतीला टाचा आणि पाठ टेकून उभं राहायचं. डोकं मागे टेकलं नाही, तर भिंतीपासून ते किती दूर आहे हे मी सांगायचं. मोजणाऱ्या ताई फार काटेकोर. डोळे चुकतील पण टेप चुकणार नाही, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मी फुगून जाई.

रोग्यांमध्ये एक शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. वय जेमतेम चाळीस, पण मान वर होत नव्हती. गिऱ्हाइकं मी चपलांवरून ओळखतो, असं म्हणून स्वतःच हसायचे. पहिल्या दिवशी त्यांचं अंतर आठ सेंटीमीटर भरलं.

महिन्याभराने माझं टोक विसविशीत झालं. ताईंनी ते मायेने कात्रीने साफ कापलं, धागे सुटू नयेत म्हणून वर डिंकाचं बोट फिरवलं. त्यात माझा पहिला सेंटीमीटर गेला. मला ते कळलं, पण टेपला तोंड असतं कुठे?

सहा महिन्यांनी फेरमोजणी झाली. सकाळी अंग आखडत नाही, बायकोच्या तोंडाकडे बघून बोलता येतं, असं मास्तर सांगत होते. त्यांचं अंतर खरोखर सातवर आलं होतं. पण माझी सुरुवातच आता एकच्या खुणेपासून होत होती, म्हणून मी आठ दाखवले. जवळजवळ सगळ्यांचं असंच झालं. मोठे डॉक्टर म्हणाले, बरं वाटतं हा काही पुरावा नव्हे, आकडा हललेला नाही. चाचणी गुंडाळली गेली. इंजेक्शन बाहेर कुठे मिळत नव्हतं, तेही थांबलं.

दोन वर्षांनी मास्तर जुने कागद न्यायला आले, तेव्हा पार वाकले होते. ताई फाइल शोधत होत्या. मास्तरांनी सवयीने मला उचललं, बोटांमधून सरकवलं आणि टोकाशी थांबले.

"ताई, हिचा पहिला सेंटीमीटर कुठे गेला?"

ताईंनी पाहिलं. हातातली फाइल त्यांनी खाली ठेवली.

"मीच कापला, मास्तर."

त्याच दिवशी त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सगळं लेखी दिलं. चाचणी पुन्हा घ्यायचं ठरलं. आपली पाठ सुटेल का, एवढंच मास्तरांनी विचारलं. चिकटलेले मणके सुटत नाहीत, असं डॉक्टरांनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

आता मी एका लिफाफ्यात बंद आहे. मित्रांनो, ज्याने तुम्ही दुसऱ्याला मोजता ते आधी एकदा तपासून घ्या. आणि जाताना मास्तर जे बोलले, ते माझ्याकडून ऐकून ठेवा. रागावले नव्हते ते. दाराशी थांबून जमिनीकडे बघतच म्हणाले,

"मला बरं वाटत होतं, ताई. मी सांगत होतो ना तुम्हाला."